बीटा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यात तिघांची एक टीम बार-रेस्टॉरंटसाठी बिलिंगचे ॲप करते आहे. ॲप अँड्रॉइडवर चालते, थर्मल प्रिंटरवर बिल छापते आणि काउंटरवरच्या फोनचा हिशेब मालकाच्या फोनवर पोचवते. अजून बरेच काम बाकी आहे; चाचणीसाठी दिलेली अशी अर्धवट आवृत्ती म्हणजे बीटा. ओळखीचे बारवाले मात्र आताच मागताहेत. सरसकट द्यावे की मोजक्यांना, मोजक्यांना तर कोणाला, आणि उरलेल्यांना तोंडावर नाही कसे म्हणावे, असे टीमने विचारले आहे.

मोजक्यांनाच द्या. तिघांच्या टीमला पहिल्या फेरीत आठ ते दहा दुकाने पुरेशी आहेत. कोणी चोरून नेईल म्हणून हा आकडा लहान ठेवायचा नाही. अर्धवट ॲप चालवणाऱ्या दुकानातून सुरुवातीला दिवसाला दोन-तीन तक्रारी येतात असे धरून चाला. दहा दुकानांच्या पंचवीस झाल्या. एक तक्रार समजून घ्यायची, आपल्या फोनवर तसेच करून पाहायचे, नोंदवायचे आणि उत्तर द्यायचे, याला वीस मिनिटे धरली तरी आठ तासांच्या वर जातात. म्हणजे तिघांतला एक जण पूर्णवेळ त्यातच अडकला. चाळीस दुकानांना दिले तर तक्रारी वाचल्याच जाणार नाहीत, आणि न वाचलेली तक्रार ही न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट, कारण ती देणारा पुन्हा देत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अपडेट, आवृत्ती १८०९, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसून टाकत होते. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडावे लागले. ही चूक त्यांच्या इनसायडर (नवी आवृत्ती आधी वापरून पाहणाऱ्या) परीक्षकांतल्या काहींनी आधीच कळवली होती. तक्रारींची क्रमवारी मात्र ‘किती जणांनी दुजोरा दिला’ यावर लागत होती. मोजक्या लोकांना गाठणारी पण फाइली गिळणारी चूक त्या ढिगात खालीच राहिली. पुढे तक्रार नोंदवताना ‘किती गंभीर’ हे सांगण्याची सोय त्यांनी केली. तुमच्या फॉर्ममध्ये हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्यात तीनच पर्याय पुरेत: पैसे किंवा साठा चुकतो, काम अडते, नुसते खटकते.

आता लायक परीक्षक म्हणजे कोण? इथे बहुतेक टीम चुकतात आणि ओळखीतल्या इंजिनिअर पोरांना गोळा करतात. त्यांना ॲप आवडते, सूचना भरपूर येतात, पण त्यांच्याकडे रात्री साडेनऊला एकाच वेळी बिल मागणारी सहा टेबले नसतात. म्हापशाच्या बाजारातल्या एखाद्या बारचा कॅशिअर, ज्याने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, तो तुमच्या कामाचा असू शकतो. त्याला चार गोष्टी जमल्या पाहिजेत. घडलेले पुन्हा घडवून दाखवता आले पाहिजे. काय केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते हे वेगवेगळे सांगता आले पाहिजे. बॅकअप घेऊन तो परत बसवता आला पाहिजे. आणि ॲप बंद पडले तर त्या दिवसाचा धंदा जुन्या पद्धतीने, बिलबुकावर का होईना, चालवता आला पाहिजे. ही चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. ज्याच्याकडे दुसरी व्यवस्थाच नाही त्याला, तो कितीही हुशार असला तरी, पहिल्या फेरीत घेऊ नका.

‘तुम्हाला संगणकाचे ज्ञान किती?’ असले फॉर्म भरून घेण्यात अर्थ नाही. सगळे ‘चांगले’ असेच लिहितात. पैसे घेऊन गाळणी लावण्याचाही उपयोग होत नाही. ॲपलची आयओएसची डेव्हलपर बीटा २०२३ पर्यंत वर्षाला ९९ डॉलर भरणाऱ्या खात्यांसाठी होती, पण ती बसवण्याची प्रोफाइल फाइल हवी त्याला इंटरनेटवर मिळायची. २०२३ मध्ये ॲपलने ही बीटा साध्या ॲपल आयडीला खुली करून टाकली. शुल्काने खिसा कळतो, हात कळत नाही.

त्याऐवजी चाळीस मिनिटांचे काम द्या. खोट्या दुकानाचा डेटा भरलेली डेमो आवृत्ती द्यायची आणि तीन गोष्टी करायला सांगायच्या. पहिली, एक बिल: ३४५ रुपयांचे जेवण, ६० मिलिचे दोन पेग, पैसे अर्धे रोख आणि अर्धे यूपीआयने. दुसरी, फोन एअरप्लेन मोडवर टाकून तीन बिले करायची, मग नेट चालू करून मालकाच्या फोनवर काय आले ते पाहायचे. तिसरी, बॅकअप घ्यायचा, ॲप काढून टाकायचे, पुन्हा बसवायचे आणि बॅकअप परत आणायचा. शेवटी जे दिसले ते पाच ओळींत लिहायचे किंवा बोलून पाठवायचे.

पहिल्या कामातला ३४५ चा आकडा मुद्दाम घेतला आहे. सर्वसाधारण रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के, त्यातले अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. ३४५ चे अडीच टक्के ८.६२५ होतात. दोन्ही भाग वेगवेगळे पूर्णांकित केले तर ८.६३ अधिक ८.६३ म्हणजे १७.२६, आणि एकदम पाच टक्के काढले तर १७.२५. डेमोमध्ये एका पानावर एक आकडा आणि दुसऱ्या पानावर दुसरा दिसू द्या. हा पैशाचा फरक ज्याच्या डोळ्याला खुपतो तो परीक्षक घ्यावा. त्याच बिलात दारू आहे, आणि दारू जीएसटीच्या बाहेर, राज्याच्या करात येते. जेवणाचा कर चुकून पेगवर लागलेला कोणाला दिसतो आणि कोण नुसता एकूण रकमेकडे बघून ‘बरोबर आहे’ म्हणतो, तेही इथेच कळते. तिसरे काम ज्याला जमले नाही त्याला मदत करून एकदा पुन्हा करायला सांगा. तरीही नाही जमले तर डेमोवरच थांबवा. त्याचाच डेटा वाचवण्यासाठी हे गरजेचे आहे.

पास झालेल्यांतून दहा निवडताना हुशारीच्या क्रमाने निवडू नका, वेगळेपणाने निवडा. वापरायला अवघड जागा शोधायला थोडी माणसे पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचा प्रसिद्ध अंदाज असा की एक माणूस अशा सरासरी ३१ टक्के अडचणींना अडखळतो, त्यामुळे पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. पण हे पडद्यावरच्या गोंधळाबद्दल आहे. विशिष्ट फोन, विशिष्ट प्रिंटर, विशिष्ट नेटवर्क यांच्या जोडीतच दिसणाऱ्या चुकांना हा हिशेब लागू होत नाही. तिथे वेगळा नियम लक्षात ठेवा: न दिसलेल्या चुकीची कमाल शक्यता, ९५ टक्के खात्रीने, तीन भागिले परीक्षकांची संख्या. दहा दुकानांत एकदाही क्रॅश झाले नाही तरी पुढच्या शंभरांतल्या तीसएक दुकानांत होण्याची शक्यता तुम्ही खोडून काढलेली नाही.

म्हणून दहांत निदान दोघांकडे ५८ मिमीचा प्रिंटर हवा आणि दोघांकडे ८० मिमीचा. साध्या फाँटमध्ये पहिल्यावर ओळीला ३२ अक्षरे बसतात, दुसऱ्यावर ४८. ‘चिकन काफ्रेल हाफ’ शेजारी भाव आणि रक्कम छापताना ३२ मध्ये रकाने कोलमडतात. मराठी किंवा कोंकणीत बिल हवे असेल तर या प्रिंटरांत सहसा देवनागरी अक्षरे नसतातच, अख्खी ओळ चित्र म्हणून पाठवावी लागते: ५८ मिमीला ३८४ ठिपके रुंद, ८० मिमीला ५७६. स्वस्त ब्लूटूथ प्रिंटरची मेमरी तेवढ्याने भरते आणि अर्ध्या बिलानंतर कचरा छापला जातो. चित्र पट्ट्यांत तोडून, मध्ये किंचित थांबून पाठवावे लागते. रोमन लिपीत बिल काढणाऱ्या दुकानांची वेगळी गंमत. पोर्तुगीज नावांतले डोक्यावर नागमोडी खूण असलेले ए आणि ओ प्रिंटरच्या नेहमीच्या कोड पेज (अक्षरांचा संच) ४३७ मध्ये नाहीत, ८५० किंवा ८६० निवडावे लागते. नाहीतर गिऱ्हाइकाच्या नावात भलतेच चिन्ह उमटते. सासष्टीतले एक दुकान यादीत नसेल तर हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

नेटवर्कसाठी सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या भागातले एक दुकान घ्याच. पणजीच्या फोर-जीवर सिंक, म्हणजे फोनांतला हिशेब एकमेकांशी जुळवणे, नेहमीच चालतो. दोन फोन ऑफलाइन असताना दोघांनीही तोच बिल क्रमांक दिला, ही चूक फक्त आत, पावसात, वीज गेल्यावर दिसते. उपाय असा की प्रत्येक फोनला क्रमांकाची स्वतंत्र मालिका द्यायची. जीएसटीच्या नियमात एकाहून अधिक मालिका चालतात, क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला म्हणजे झाले. आणि एक तरी दुकान मध्यरात्रीनंतर चालणारे असू द्या. रात्री १२.४० चे बिल कोणत्या तारखेच्या विक्रीत जाते, आणि तीच रात्र ३१ मार्चची असेल तर क्रमांक कुठून सुरू होतो, हे संध्याकाळी सातला बंद होणाऱ्या कॅन्टीनमध्ये तपासता येत नाही.

साठ्याचेही एक पाहून ठेवा. ७५० मिलिची बाटली ६० च्या पेगने साडेबारा पेग देते. साठा ‘बाटल्या’ म्हणून दशांशात ठेवला असेल तर महिन्याअखेर न जुळणारे तुकडे उरतात. मिलिलिटर पूर्णांकात ठेवा, रुपये पैशांत. ही चूक परीक्षकाने शोधण्याची वाट पाहू नका.

आता कुलूप कुठे लावायचे ते. एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवलीत की ती संध्याकाळपर्यंत डिचोलीहून मडगावला पोचते. फाइल अडवण्याच्या मागे लागू नका, दार सर्व्हरवर ठेवा. परवानगी दिलेल्या फोन नंबरांची यादी सर्व्हरवर असावी, यादीत नसलेल्याने लॉगिन केले तर त्याला आपोआप डेमो दुकान दिसावे. प्रत्येक आमंत्रणाचा कोड एकदाच चालावा आणि एका दुकानाला दोन-तीनच फोन जोडता यावेत. अर्धवट फीचर चालू-बंद करण्याचे बटणही सर्व्हरवरच आणि दुकानागणिक वेगळे हवे, म्हणजे एक बिल अनेकांत फोडण्याची सोय बिघडली तर नवी आवृत्ती न पाठवता ती तेवढी बंद करता येते. शिवाय ‘या क्रमांकाच्या खालची आवृत्ती चालणार नाही’ असा एक आकडा सर्व्हरवर ठेवा. पैसे चुकवणारी आवृत्ती परत बोलवायचा तोच एक मार्ग आहे.

वाटपासाठी प्ले स्टोअरचा इंटर्नल ट्रॅक (थोड्या परीक्षकांना आवृत्ती देण्याची सोय) पुरतो. त्यात १०० जणांपर्यंत ई-मेलने घेता येतात आणि आवृत्ती लवकर पोचते. क्लोज्ड ट्रॅकला (मोठ्या पण निवडक गटासाठीची सोय) मर्यादा मोठी आहे, आणि परीक्षकांचे अभिप्राय दोन्हीकडे खाजगी राहतात, सार्वजनिक ताऱ्यांत मिसळत नाहीत. एक खड्डा मात्र आहे. तुमचे डेव्हलपर खाते वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडले असेल, तर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी क्लोज्ड चाचणीत किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. मग टीम घाईघाईने चुलत-मावस भावंडांचे ई-मेल घालून बारा भरते आणि त्यालाच बीटा समजते. ती गूगलची अट आहे, ती तशीच पुरी करा. भावंडांना डेमो दुकान दिसेल, कारण दार सर्व्हरवर आहे. खऱ्या दहांची यादी वेगळी चालू राहील.

मालकांपैकी कोणाकडे आयफोन असेल तर टेस्टफ्लाइट, म्हणजे ॲपलची बीटा वाटण्याची सोय. आतले (टीममधले) परीक्षक १००, बाहेरचे १०,००० पर्यंत, पण बाहेरच्यांसाठीची पहिली आवृत्ती ॲपल तपासून सोडते, आणि प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी मरते. सार्वजनिक लिंक काढलीत तर तिच्यावर संख्येची मर्यादा घाला, नाहीतर काढूच नका.

अँड्रॉइडवर स्वतःहून मुदत घालावी लागते. तीस दिवस ठीक. तारीख फोनच्या घड्याळावरून मोजू नका, सर्व्हरकडून घ्या. मुदत संपल्यावर नवे बिल बंद, पण जुनी बिले पाहणे आणि डेटा बाहेर काढणे चालूच राहिले पाहिजे. लोकांचा हिशेब अडकवून ठेवणारा बीटा दुसऱ्यांदा कोणी घेत नाही. आणि मुदत शनिवारी रात्री संपवू नका. मंगळवारी सकाळी अकरा ही चांगली वेळ. नवी आवृत्तीही सोमवार ते बुधवार सकाळीच सोडा.

डेटा जाण्याच्या तीन ठरलेल्या वाटा आहेत. डेव्हलपर रोजच्या कामात सोपे पडावे म्हणून रूम डेटाबेसला (ॲपचा डेटा फोनवर साठवणाऱ्या सोयीला) विध्वंसक मायग्रेशनची, म्हणजे जुना डेटा पुसून नवा आराखडा बसवण्याची, मुभा देऊन ठेवतो. ती ओळ बीटात राहिली की टेबलाचा आराखडा बदलताच सगळी बिले चुपचाप पुसली जातात. दुसरे, परीक्षकाला ‘काढून पुन्हा बसवा’ सांगितले की अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअप जुना डेटाबेस परत आणतो आणि दुरुस्त झालेली चूक जशीच्या तशी दिसते. बीटात तो बॅकअप बंद ठेवा आणि स्वतःचा, हाताने घ्यायचा ठेवा. तिसरे, जुन्या आवृत्तीवर परत जाणे. फोन कमी क्रमांकाची आवृत्ती वरून बसू देत नाही, ॲप काढावेच लागते, आणि त्याबरोबर डेटा जातो. चूक सापडली तर मागे न्यायचे नसते, जुनाच कोड वाढीव क्रमांकाने पुन्हा सोडायचा असतो.

पहिले दोन आठवडे दुकानाने खरे बिल जुन्याच पद्धतीने द्यावे आणि तीच नोंद बीटात करावी. दुहेरी काम कोणी दिवसभर करणार नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त दुपारचे जेवण, साडेबारा ते तीन. दिवसअखेर तीन आकडे जुळवायचे: एकूण विक्री, जीएसटी, दारूचे मिलिलिटर. बीटातून निघालेल्या प्रत्येक कागदावर ‘नमुना’ मोठ्या अक्षरात छापा, नाहीतर तो कधीतरी गिऱ्हाइकाच्या हातात जातोच.

तक्रारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर घेऊ नका. एकाने प्रिंटरचे लिहिले की बाकीचे नऊ ‘माझेही’ म्हणतात, आणि नऊ वेगळ्या चुका एक वाटू लागतात. प्रत्येक दुकानाशी वेगळा संवाद ठेवा. कोंकणीतून आलेला व्हॉइस मेसेज चालेल, टीमपैकी एकाने तो ऐकून नोंद करायची: दुकान, फोनचे मॉडेल, आवृत्ती, बिल क्रमांक, काय केले, काय झाले, काय व्हायला हवे होते, गंभीरता. आवृत्ती आणि मॉडेल ॲपने स्वतःच जोडले तर उत्तम. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर मात्र लॉगमध्ये (ॲप आपोआप ठेवते त्या नोंदींत) आणि स्क्रीनशॉटमध्ये झाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. दुकानदाराची संमती घेताना काय गोळा करतो, किती दिवस ठेवतो, कसे पुसतो हे एका पानात, मराठीत किंवा त्याला हव्या त्या भाषेत लिहून द्या.

नाही म्हणायचे ते असे: ‘दादा, सध्या दहाच दुकानांची काळजी घेण्याएवढे हात आहेत. डेमो आजच देतो, त्यावर हवे ते करून पाहा. पुढच्या फेरीच्या यादीत तुमचे नाव घातले आहे, तेव्हा आधी ती तीन कामे करायची आहेत.’ डेमो हातात पडला की निम्मे लोक समाधानी होतात. ‘तुम्हाला जमणार नाही’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. गाव लहान आहे.

वेळ निवडायला गोव्यात सोय आहे. पहिली फेरी जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. गर्दी कमी, मालकाला बोलायला सवड, आणि वीज-नेट दोन्ही वाईट, म्हणजे चाचणीला चांगले. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा सोडा. दुसरी फेरी ऑक्टोबरमध्ये, सीझन चढताना. २० डिसेंबर ते २ जानेवारी काहीही नवे सोडू नका.

ज्याने सात दिवस ॲप उघडले नाही त्याला एक फोन करा, अजून सात दिवस वाट पाहा, मग डेमोवर परत पाठवून रांगेतला पुढचा घ्या. दुसरी फेरी पंचवीस-तीस दुकानांची, पण सलग सात दिवस पैशाची किंवा साठ्याची एकही चूक उघडी नसेल तरच. प्ले स्टोअरच्या टक्केवारीने टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या सोयीचा इतक्या लहान संख्येत उपयोग नाही. चाळीस दुकानांचे पाच टक्के म्हणजे दोन दुकाने, आणि ती दोन कोणती हे तुम्ही निवडू शकत नाही.

पक्की आवृत्ती निघाली की तिचा आवृत्ती क्रमांक शेवटच्या बीटापेक्षा मोठा आहे ना ते पाहा. लहान राहिला तर परीक्षकांचे फोन बीटावरच अडकून राहतात. त्यांनाच वाटते आपण सगळ्यांत पुढे आहोत, आणि मुदत संपल्याच्या दिवशी दहाही जण एकदम फोन करतात.